२८-२५ : निसटत्या सामन्याचा गुणफलक कसा वाचायचा?

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गचिबोवली स्टेडियममध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डी लीगचं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं. ४० मिनिटांचा खेळ, आणि फरक फक्त तीन गुणांचा.

असा सामना संपला की मोबाईलवर सगळ्यात आधी फिरतं ते सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूचं कार्ड. ते पाहून सामना कळला असं वाटतं. पण निसटत्या सामन्यात खरी गोष्ट बऱ्याचदा गुणफलकाच्या बाकीच्या रकान्यांत असते. ती कशी वाचायची, ते याच सामन्यावरून पाहू.

आधी गुणांची मोजणी

- चढाईत जितक्या बचावपटूंना स्पर्श, तितके गुण. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडली तर आणखी एक गुण.
- पकड यशस्वी झाली तर एक गुण. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड झाली तर 'सुपर टॅकल', म्हणजे दोन गुण.
- एकाच चढाईत तीन किंवा जास्त गुण मिळाले तर 'सुपर रेड'.
- अख्खा संघ बाद झाला तर लोण. त्याचे दोन जादा गुण.
- एका सामन्यात चढाईचे दहा गुण झाले तर 'सुपर १०', पकडीचे पाच झाले तर 'हाय ५'.

तीन गुण आले कुठून?

मध्यंतराला पलटण १३-१० अशी पुढे होती. अंतिम गुण २८-२५. वजाबाकी केली की दिसतं, दुसऱ्या सत्रात दोन्ही संघांनी १५-१५ गुण मिळवले. म्हणजे जेतेपदाचा फरक पहिल्या २० मिनिटांतच पडला होता. नंतर पलटणने तो फक्त टिकवला.

तो फरक पाडला पंकज मोहितेने. पहिल्या सत्राच्या शेवटाकडे त्याने एकाच चढाईत चार गुण आणले. एका चढाईला वेळ मिळतो जास्तीत जास्त ३० सेकंद. ती चढाई रिकामी गेली असती तर हरियाणा जिंकलीच असती, असं म्हणता येत नाही, कारण पुढचा सगळा खेळच बदलला असता. पण अख्ख्या सामन्याचा फरक तीनचा आणि ही एक चढाई चारची, एवढं ध्यानात ठेवा.

नऊ गुणांना नाव नाही

त्या सामन्यात पंकजचे एकूण गुण होते नऊ. सुपर १० साठी दहा लागतात. म्हणजे 'सुपर १० किती?' एवढंच पाहणाऱ्याला त्याच्या नावापुढे काहीच दिसणार नाही.

दहाचा आकडा सोयीसाठी ठरवलेला आहे. सामना आधीच हातातून गेल्यावर मिळालेले दहा आणि बरोबरीच्या झुंजीत मिळालेले नऊ यांची किंमत सारखी नसते. म्हणून गुण किती यासोबत ते कधी आले, तेव्हा गुणफलक काय होता, हेही पाहायला हवं.

सर्वाधिक गुण, तरी संघ बाहेर

त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण मिळवले दबंग दिल्लीच्या आशू मलिकने : २७६. पण दिल्ली एलिमिनेटरमध्ये पटना पायरेट्सकडून ३५-३७ अशी हरली आणि उपांत्य फेरीतही पोचली नाही.

पलटणचं चित्र वेगळं होतं. कर्णधार अस्लम इनामदार हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर पकडीचे सर्वाधिक ९९ गुण इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईचे होते. एक चढाईत, एक बचावात.

गुणतक्ताही असाच बोलतो. पलटणने साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, दोन गमावले. विजयाचे पाच, बरोबरीचे तीन, म्हणजे झाले ९४. पण तक्त्यात आहेत ९६. वरचे दोन कुठले? त्या हंगामात सात किंवा कमी गुणांनी हरल्यास एक गुण मिळत होता. म्हणजे पलटण हरली ते दोन्ही सामनेही निसटतेच होते. एकही सामना न पाहता हे तक्त्यावरून कळतं.

गुण न घेणाऱ्याचं काय?

पकड बहुतेक वेळा साखळीने होते. एक खेळाडू पाय धरतो, दुसरा वाट अडवतो, तिसरा रेषेबाहेर ढकलतो. गुण मात्र एकाच्याच नावावर जातो.

बास्केटबॉलने यावर एक उपाय शोधला आहे. तिथे प्रत्येक खेळाडूपुढे 'प्लस-मायनस' लिहितात. तो मैदानात असताना संघाने किती गुण घेतले आणि किती दिले, त्यांची वजाबाकी.

एनबीएच्या २०१६ च्या अंतिम मालिकेतला सातवा सामना घ्या. क्लीव्हलँडने गोल्डन स्टेटला ९३-८९ असं हरवलं. सर्वाधिक ३२ गुण होते हरलेल्या संघाच्या ड्रेमंड ग्रीनचे. क्लीव्हलँडच्या केविन लव्हचे गुण फक्त नऊ, पण प्लस-मायनस अधिक १९.

संघाचे आकडेही बघा. गोल्डन स्टेटने लांबून मारलेल्या तीन गुणांच्या १५ बास्केट केल्या, क्लीव्हलँडने सहाच. पण फ्री थ्रोवर क्लीव्हलँडने २१ गुण घेतले, गोल्डन स्टेटने १०. फरक ११ चा, आणि सामना सुटला चार गुणांनी.

आपल्या गावच्या स्पर्धेत

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. गुणलेखकाच्या वहीत बहुतेक वेळा उरतात दोन संघांचे गुण आणि फार तर चढाईपटूंची नावं. पुढे संघनिवडीच्या वेळी कोपरा सांभाळणाऱ्या पोरासाठी किंवा पोरीसाठी दाखवायला कागदच नसतो.

त्यासाठी ॲप लागत नाही. वहीत चार रकाने जास्त आखा : गुण कोणत्या मिनिटाला आला, तेव्हा गुणफलक काय होता, पकडीत मदत कोणाची आणि रिकाम्या चढाया किती. पुढच्या वेळी सामना तीन गुणांनी सुटला, तर ते तीन गुण कोणाच्या मेहनतीचे, हे वहीच सांगेल.