दूध जातं कुठं?

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. एल्फिन्स्टन रोडला उतरा. या स्टेशनाला प्रभादेवी हे नाव मिळायला अजून तेवीस वर्षं आहेत. अनंत चतुर्दशीला दोन आठवडेही झालेले नाहीत, पितृपक्ष चालू आहे, आणि तरी माणसं लोटे आणि दुधाच्या पिशव्या घेऊन सणाच्या घाईने देवळांकडे निघाली आहेत. पहाटे दिल्लीत उठलेली आवई टेलिफोनवरून इथवर आली आहे : गणपती दूध पितोय. आजच्या आज ती लंडनच्या देवळांतही पोचेल.

रांगेत उभे राहू नका. चाळीचा जिना चढा. पहिल्या मजल्यावर दार उघडंच आहे आणि देव्हाऱ्यापुढे अर्धी चाळ जमली आहे.

“ये रे, तूही पाज,” काकू तुमच्या हातात चमचा देतात. “काठोकाठ भर. आणि सरळ धर, सांडेल.”

तुम्ही पितळी गणपतीच्या सोंडेला चमचा टेकवता. दूध हलतं, आणि बघता बघता चमचा अर्धा होतो. तुम्ही हात तिरका केला नव्हता, निदान तुम्हाला तसं वाटलं नव्हतं. इथे कुणी खोटं बोलत नाहीये. चमचा खरोखर रिकामा होतोय, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी ते खरंच पाहिलं. म्हणूनच “मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं” या वाक्याला उलटं उत्तर देता येत नाही. डोळ्यांनी दूध चमच्यातून जाताना पाहिलं. ते पोटात जाताना कुणीच पाहिलं नाही. मधली जागा आपण भरली.

ती जागा तपासायला फार काही लागत नाही. दुधात चिमूटभर कुंकू कालवा. आता टेकवा. सोंडेवरून, पोटावरून, मांडीवरून एक बारीक लाल ओघळ उतरतो आणि पाटावर जमतो. काठोकाठ चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे किंचित फुगून वर आलेलं असतं. ओल्या धातूला टेकलं की ते त्याला चिकटतं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली सरकतं. देवळातल्या संगमरवरी मूर्तीवर तर पांढऱ्यावर पांढरं, मग दिसणार कसं? दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनीही आज रंगीत दूधच वापरलं आहे.

काकू गप्प होतात, पण पटलेलं नाही. “रंग घातलास म्हणून नाही प्यायला.”

हे वाक्य नीट ऐका. चमत्काराच्या तपासात पुरावा हरतो तो इथे, निकाल लागल्यावर नियम बदलतो तेव्हा. अमेरिकेतला जादूगार जेम्स रँडी १९६४ पासून अशा दाव्यांवर बक्षीस लावून आहे. चाचणी कशी घ्यायची आणि काय घडलं तर दावा फसला म्हणायचं, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवायचं, ही त्याच्या चाचणीची अट. मला ती बक्षिसापेक्षा मोलाची वाटते.

तेव्हा काकूंशी आधी ठरवा. रंग नको, साधं दूध. खालच्या वाण्याकडे मूर्ती पुसून तोला, पाव लिटर पाजा, पुन्हा पुसून तोला. प्यायला असेल तर मूर्ती पाव किलोच्या आसपास जड भरायला हवी. कबूल?

“देवाला तराजूत घालायचं?” काकू म्हणतात. हा नकार उद्धट नाही. त्यांना देव तपासायचाच नव्हता. सकाळपासून दार उघडं ठेवून सगळ्यांबरोबर बसायचं होतं. फक्त मग ‘सिद्ध झालं’ म्हणू नये, एवढंच.

आता ऑगस्ट २००६. इथून थोडं उत्तरेला माहीमच्या खाडीवर चला. पाणी गोड झालंय म्हणून सगळ्या धर्मांची माणसं ओंजळीने पिताहेत. पावसाळा आहे, मिठी नदी गोडं पाणी आणि शहराची घाण दोन्ही याच खाडीत ओतते. दुधाच्या वेळी चुकलं तर फार तर चहा कोरा प्यावा लागला असता. इथे पोट बिघडेल. महापालिका पिऊ नका म्हणून सांगते आहे. पण जंतूंची तपासणी तासाभरात होत नाही, आणि लोकांनी बाटल्या तर केव्हाच भरल्या आहेत.