पुण्याचा प्लेग, १८९७ : निर्बंधांचा जमाखर्च

मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू झाला, तो ४ फेब्रुवारी १८९७ चा. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारने आवश्यक वाटतील ते नियम करावेत, मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालू नये, एवढाच त्याचा आशय. नुकसानभरपाईचा उल्लेख त्यात आहे, पण कंसात आणि ‘असल्यास’ या शब्दाच्या सोबतीने.

ही घाई कशासाठी होती? सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. युरोपातील बंदरे हिंदुस्थानच्या मालाला दारे बंद करतील, ही भीती त्यानंतर सरकारला ग्रासू लागली. त्याच फेब्रुवारीत व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरत होती. म्हणजे निर्बंधांच्या जमेच्या बाजूला पहिली नोंद व्यापाराची होती, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

पुण्यात १० मार्च १८९७ रोजी प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने अंत झाला. तीनच दिवसांनी वॉल्टर रँड याच्या समितीने घरझडत्या सुरू केल्या. जवळपास नऊशे अधिकारी व शिपाई दिमतीला होते. रुग्ण इस्पितळात, आप्त विलगीकरण छावणीत, घरातील जमीन खणलेली, कपडे व सामान जाळलेले, असा हा क्रम १९ मेपर्यंत चालला. गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरत. गाठी तपासण्याच्या नावाखाली स्त्रियांची चारचौघांत विटंबना होते, अशा तक्रारी झाल्या. सरकारी प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी पंडिता रमाबाईंनीही वृत्तपत्रात लिहिले. त्या धर्माने ख्रिस्ती होत्या. ही केवळ सनातन्यांची ओरड होती, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

आता आकडे पाहू. सुमारे २ लाख १८ हजार झडत्यांमध्ये ३३८ रुग्ण आणि ६४ मृतदेह हाती लागले. म्हणजे सुमारे साडेपाचशे वेळा उंबरठा ओलांडावा, तेव्हा एक नोंद. शिवाय छावणीच्या धास्तीने लोक रुग्ण लपवीत, प्रेते गुपचूप पुरीत. ज्या लपवालपवीवर झडती हा उपाय होता, तिला झडतीनेच खतपाणी घातले.

मे महिन्यात साथ ओसरली आणि समितीला आपले यश दिसले. मात्र कोरड्या उन्हाळ्यात प्लेग स्वभावतःच मंदावतो. त्याच वर्षी पावसाळ्यात तो परतला आणि पहिल्यापेक्षा उग्र ठरला.

मूळ चूक निदानाच्या पुढची होती. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये मांडले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. गाठीच्या प्लेगात माणसाला माणसापासून तोडून फारसे साधत नव्हते. माणसाला घरापासून तोडणे मात्र उपयोगी होते. हा उपाय लोकांनी आपण होऊन केला होता. फेब्रुवारी १८९७ पर्यंत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती शहराबाहेर गेली होती. अर्थात त्यांच्या गाठोड्यांतून पिसवाही गावोगाव गेल्या. शिवाय हातावर पोट असणाऱ्याला जाण्याची मोकळीक होती कुठे?

टिळकांची भूमिका येथे नेमकी पाहावी लागते. विलगीकरणाला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. त्यांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेग इस्पितळ काढले आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीकाही केली. आक्षेप होता तो लष्करी पद्धतीवर. २२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सजा झाली.

त्यानंतर सरकारचे धोरण हळूहळू सैल झाले. सक्तीऐवजी मनधरणी आणि हाफकिनची लस यांवर भर आला. म्हणून मृत्यू थांबले काय? मुळीच नाही. १९०४ या एकाच वर्षात हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने गेली, त्यांत पंजाबची हानी फार मोठी. सक्ती उठली म्हणून ती मेली, हा निष्कर्ष मात्र टिकत नाही; सक्तीच्या काळातही उंदीर मोकळेच होते.

महाराष्ट्रातील खेड्यांनी नंतरच्या साथींत आपला हिशेब आपणच मांडला. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव रिकामे होई आणि साथ ओसरेपर्यंत माणसे गुराढोरांसह रानातल्या झोपड्यांत राहत.