उपग्रहाच्या आधीची जमीन

उपग्रह खोटं बोलत नाही, असं आम्हाला अतिक्रमणावरच्या प्रत्येक चर्चेत कोणीतरी ऐकवतं. तलाठी खोटं लिहील, वनरक्षक पैसे खाईल, पाटील दबाव आणेल, पण वरून काढलेल्या फोटोला जात नसते. ऐकायला बरं वाटतं. आमच्यातली शिकलेली पोरंसुद्धा हे मान्य करून मोकळी होतात. आमचा सवाल एवढाच आहे: फोटोला जात नसेल, पण फोटो कधीपासूनचा आहे?

हा सवाल आता लांबणीवर टाकता येणार नाही. सातपुड्यापलीकडे, आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी बुऱ्हाणपूर आहे. मध्य प्रदेशने २०२५ मध्ये वनखात्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी इशारा यंत्रणा पाच वनविभागांत प्रायोगिक पातळीवर सुरू केली, त्यात बुऱ्हाणपूर आणि खंडवा आहेत. वेगवेगळ्या तारखांची उपग्रहचित्रं यंत्र एकमेकांशी ताडून पाहतं. कुठे झाडोरा कमी झाला, कुठे जमीन नांगरल्यासारखी दिसली, की त्या तुकड्याची हद्द आखून थेट कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर पाठवतं. वणवा लवकर कळावा, चोरटी तोड थांबावी म्हणून हे होत असेल तर आमचा विरोध नाही. जंगल राखलं पाहिजे यात दुमत नाही. पण या यंत्राला 'आज' आणि 'काल' एवढंच कळतं. आमचा वाद परवाचा आहे.

साखरखेर्डा इतिहासाच्या पुस्तकात येतं ते १७२४ च्या लढाईमुळे. निजामाने मुबारीझखानाला इथे हरवलं आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिलं. जिंकणाऱ्याने नाव बदललं, त्याची नोंद झाली. त्याच शिवारात त्या काळी कोण राबत होतं, गावकुसाबाहेर कोण राहत होतं, याला कोणी विचारलं नाही. नोंद कोणाची होते हा प्रश्न आमच्याकडे एवढा जुना आहे.

पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. जमिनीची मोजणी झाली, जंगलाची वर्गवारी झाली. १८८६ चा वऱ्हाडचा जंगल कायदा आला आणि सरकारी रानाचे वर्ग पडले: 'अ' इमारती लाकडाचं आणि जळणाचं, 'ब' गवताच्या रमण्यांचं, 'क' चराईचं. लाकूड, गवत, गुरं या सगळ्यांना वर्ग मिळाला. ज्यांच्याकडे सात-बारा नाही, गुरं नाहीत, फक्त दोन हात आहेत, त्यांच्यासाठी वर्ग नव्हता. वऱ्हाडात आजही गायरानाला लोक 'ई-क्लास' म्हणतात. म्हाताऱ्या बाया सहज बोलून जातात, "आमचं वावर ई-क्लासात हाये." इंग्रजी अक्षर त्यांच्या तोंडी बसलं, जमीन मात्र नावावर बसली नाही.

बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५३ मध्ये, मराठवाड्यात पडीक जमिनीसाठी भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तो पुन्हा उभा राहिला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला आणि लाखो माणसं तुरुंगात गेली. गावोगावच्या पडीक जमिनी, गायरानं, जंगलाच्या कडेचे माळ लोकांनी याच सुमाराला आणि यानंतर वहितीला आणले. दगड वेचले, बांध घातले. या रेट्यामुळे सरकारला माघार घ्यावी लागली. २७ डिसेंबर १९७८ चा निर्णय आला, नंतर २८ नोव्हेंबर १९९१ चा. दुसऱ्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पुरावा कशाचा? गाव नमुना १-ई मधली नोंद, दंडाची पावती. म्हणजे ज्या कागदाने आम्हाला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद आम्ही ट्रंकेत जपून ठेवायचा!

आता तारखा जुळवून पाहू. अमेरिकेचा पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ रोजी आकाशात गेला. तेव्हा महाराष्ट्र दुष्काळात होता आणि आमची माणसं खडी फोडत होती. म्हणजे १९६४ च्या सत्याग्रहाला साडेसात वर्षं होऊन गेली होती. त्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका साधारण ८० मीटर लांब, ८० मीटर रुंद. हिशेब करा: सुमारे ६३ गुंठे, दीड एकराहून जास्त. एकरभर तुकडा कसणाऱ्या माणसाचं सगळं वावर एका ठिपक्यातही मावून उरतं, आणि ठिपक्याला रंग एकच असतो. भारताचा स्वतःचा आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये गेला. त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याचाही ठिपका सुमारे १३ गुंठ्यांचा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने १९८७ मध्ये पहिला वनस्थिती अहवाल काढला, तेव्हा नकाशावर दाखवण्याजोगं सर्वांत लहान क्षेत्र होतं ४०० हेक्टर. आज ते एक हेक्टर आहे. आणि त्यातही मालकी किंवा कायदेशीर दर्जा न बघता, दहा टक्क्यांहून जास्त झाकण दिसलं की ते वनाच्छादन. आंब्याची बाग त्यात येते. मोहाची चार झाडं राखून खाली ज्वारी पेरणाऱ्याचं वावरही झाडोरा म्हणून मोजलं जाऊ शकतं. मग एखाद्या साली पावसाने दगा दिला, पेरणी झाली नाही, तर तेच वावर पडीक दिसणार.

वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी दावेदारासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा लागतो. आमच्यासारख्यांना कायद्याने 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हटलं आणि त्या तारखेआधी तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य आणि जंगलावरचं अवलंबन दाखवायला लावलं. म्हणजे १९३०. (ही अट वास्तव्याची आहे, त्याच तुकड्यावरच्या ताब्याची नाही. हे कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावं, कारण कचेरीत मुद्दाम घोळ घातला जातो.) १९३० मध्ये बाबासाहेब काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते आणि वर्षअखेरीस गोलमेज परिषदेला लंडनला होते. त्या साली आमच्या आजोबा-पणजोबांचं नाव कोणत्या सरकारी कागदावर होतं? उपग्रह तर पृथ्वीवर एकही नव्हता.

हा भांडणाचा मुद्दा गुजरातमध्ये कोर्टात गेला. तिथे उपग्रहचित्रात शेती दिसत नाही म्हणून आदिवासींचे दावे नाकारले गेले होते. २०१२ मध्ये दुरुस्त झालेले नियम स्पष्ट सांगतात की उपग्रहचित्र हे इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांची जागा घेणार नाही. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने केवळ चित्राच्या आधारे दावा फेटाळता येणार नाही हे मान्य करून फेरतपासणीचा आदेश दिला. आम्हाला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. नर्मदा जिल्ह्यात 'आर्च वाहिनी' या संस्थेने गावच्या तरुणांना जीपीएस यंत्र हाती दिलं. त्यांनी एकेका प्लॉटच्या कडेने चालून हद्दी नोंदवल्या आणि त्या उपग्रहचित्रावर बसवून दाखवल्या. चित्र तेच, पण आता प्रश्न विचारणारा दावेदार होता.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहाने पाहणी करून अतिक्रमणाची स्थिती मांडायलाही सांगितलं होतं. २८ फेब्रुवारीला बेदखलीला स्थगिती मिळाली. फेटाळलेले दावे अकरा लाखांहून अधिक होते. आता त्यात यंत्राची भर घाला. यंत्र शिकतं ते माणसाने खुणा करून दिलेल्या नमुन्यांवरून. हे जंगल, ही शेती, हे अतिक्रमण असं आधी कोणीतरी सांगावं लागतं. 'अतिक्रमण' हा शब्द आकाशातून दिसत नाही, तो फाइलीतून येतो. दावा प्रलंबित आहे, अपील चालू आहे, ग्रामसभेने ठराव केला आहे, हे ज्या यादीत आहे ती यादी यंत्राला दिली नाही तर यंत्र आमच्या चालू वहितीलाही नवीन गुन्हा समजेल. समाजशास्त्रात आम्ही ज्याला वर्गीकरणाची सत्ता म्हणून शिकलो ती हीच, १८८६ ची, आता वेगाने धावणारी.

२०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ गळ्यात पट्टा घेऊन निघाला आणि फिरत फिरत आपल्या ज्ञानगंगेत आला. नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर. तो कोणत्या नाल्याने आला, कुठे थांबला, सगळं उपग्रहाने टिपलं. वाघाचं कौतुक आम्हालाही आहे. तो किती रानांतून गेला आणि किती वावरांतून गेला हे त्या नोंदीत आहे. ती वावरं कोण, कधीपासून कसतं हे त्यात नाही.

आमच्या भागातल्या पोरांना आम्ही सध्या तीन कामं सांगतोय. मोबाइल घेऊन प्रत्येक वहितीच्या कडेने चाला आणि हद्द नोंदवून ठेवा. दंडाच्या पावत्या, १-ई चे उतारे यांचे फोटो काढून तारखेवार लावा. आणि तिसरं, सगळ्यांत घाईचं: वनहक्क नियमांत दावेदार सोडून गावातल्या इतर ज्येष्ठांचा लेखी जबाब हा पुरावा म्हणून धरलेला आहे. आजोबा कोणत्या रानात राहत, लाकूड, डिंक, गवत कुठून आणत, हे सांगू शकतील अशांचे जबाब याच महिन्यात लिहून घ्या. १९३० च्या आसपास जन्मलेली माणसं आता पंच्याण्णवच्या घरात आहेत, आणि गावोगाव ती एक-दोनच उरली आहेत.