परिभाषा आणि अर्थबोध : रत्नागिरी जिल्ह्यातील लेखनपरंपरेच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठीतून लिहिल्या जाणाऱ्या शोधनिबंधांत गेल्या काही दशकांत एक सवय रूढ झालेली दिसते. लेखक एखाद्या संकल्पनेसाठी संस्कृतप्रचुर पारिभाषिक शब्द योजतो, त्यापुढे कंसात मूळ इंग्रजी शब्द देतो आणि पुढील वाक्याकडे वळतो. संकल्पनेचे स्पष्टीकरण झाले, असे त्याने गृहीत धरलेले असते. वस्तुतः ज्या वाचकास मराठी संज्ञा अपरिचित आहे, त्यास बहुधा इंग्रजी संज्ञाही अपरिचितच असते; आणि ज्यास इंग्रजी संज्ञा ठाऊक आहे, तो मराठी शब्द न वाचताच कंसाकडे जातो. दोघांपैकी कोणाचेही काम होत नाही. ग्रामीण भागातून येणारा, मराठी माध्यमातून पदवी घेणारा विद्यार्थी अशी वाक्ये समजून घेण्याऐवजी पाठ करतो व उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवतो. त्यांना गुणही मिळतात, ही गोष्ट वेगळी.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. मराठी शास्त्रीय गद्याच्या घडणीत जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. बाळशास्त्री जांभेकर, विश्वनाथ नारायण मंडलिक, लोकमान्य टिळक आणि पांडुरंग वामन काणे हे या जिल्ह्यातले. विनायक दामोदर सावरकर हे येथे स्थानबद्धतेच्या निमित्ताने आलेले. नवी संकल्पना मराठी वाचकापर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न या प्रत्येकासमोर होता आणि प्रत्येकाने तो निराळ्या रीतीने सोडविला.

दोन रकान्यांचे वृत्तपत्र

बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव पोंभुर्ले. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. आरंभी पाक्षिक आणि त्याच वर्षी साप्ताहिक झालेले हे पत्र १८४० पर्यंत चालले. त्यातील मजकूर इंग्रजी व मराठी अशा दोन शेजारशेजारच्या रकान्यांत छापला जाई. पत्रकारितेच्या इतिहासात या रचनेचा उल्लेख नेहमी येतो. भाषेच्या दृष्टीने तिचा जो अर्थ होतो, त्याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. मराठी रकाना वाचणाऱ्यास इंग्रजी रकान्याचा उपयोग नव्हता. इंग्रजी शब्द शेजारी छापलेला असूनही तो त्या वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच होता. त्यामुळे मराठी रकान्यास आपला अर्थ आपणच पोहोचवावा लागे. आजच्या शोधनिबंधात हे दोन रकाने एका वाक्यात आले आहेत आणि मराठी रकान्याने आपले काम कंसावर सोपविले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करीत आणि गणित, भूगोल, व्याकरण, इतिहास या विषयांवर मराठीत पुस्तके लिहीत. या पुस्तकांचा वाचक वर्गात समोर बसलेला होता. शब्द कळला नाही तर तो तेथेच विचारणार, ही जाणीव असलेल्या लेखकाचे गद्य वेगळे घडते.

एका शास्त्राची तीन नावे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठीत एक नवे शास्त्र येत होते. संपत्तीची निर्मिती, विभागणी व विनिमय यांचा विचार करणाऱ्या या शास्त्रास अवघ्या सहा वर्षांत तीन निरनिराळी नावे मिळाली. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुखांनी १८४९ मध्ये ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले. हरि केशवजी आणि मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे असलेले विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे ‘देशव्यवहारव्यवस्था’ १८५४ मध्ये आले. त्यापुढील वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ प्रसिद्ध झाले. टिकले ते शेवटचे नाव.

ही निवड सहज झाल्यासारखी वाटते, पण तिची किंमत आजही मोजावी लागते. ‘लक्ष्मीज्ञान’ या नावाने वाचकाच्या ओळखीच्या देवतेचा आधार घेतला. ऐकणाऱ्यास विषयाचा अंदाज येई, परंतु शास्त्रापेक्षा श्रीमंत होण्याच्या उपायांचा भास होण्याची शक्यता अधिक. ‘देशव्यवहारव्यवस्था’ हे नाव लांबलचक आणि उच्चारास अवघड असले, तरी ते संकल्पनेचे वर्णन करते. व्यवहार एका माणसाचा नव्हे तर देशाचा, आणि त्या व्यवहारास काही व्यवस्था आहे, या दोन्ही गोष्टी त्यातून कळतात. मंडलिक व त्यांच्या सहकाऱ्याने नावातच अर्धी व्याख्या करून ठेवली होती. ‘अर्थशास्त्र’ हा शब्द आटोपशीर होता आणि संस्कृत परंपरेत प्रतिष्ठित होता. मात्र त्या परंपरेत त्याचा रोख राज्यकारभाराच्या शास्त्राकडे होता. १९०९ मध्ये शामशास्त्री यांनी कौटिल्याचा ग्रंथ प्रकाशित केला, तेव्हा मराठीतील ‘अर्थशास्त्र’ या शब्दाचा नवा अर्थ पक्का होऊन गेला होता. कौटिल्याचा ग्रंथ हे प्राचीन भारतातील आर्थिक विषयाचे पाठ्यपुस्तक, अशी समजूत पदवी वर्गात आजही आढळते. ती दूर करण्यास शिक्षकाला एक तास द्यावा लागतो. शब्द सुटसुटीत असला म्हणजे संकल्पना स्पष्ट होते असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

‘गीतारहस्या’तील तिसरे प्रकरण

रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून काढले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. या ग्रंथाच्या सिद्धान्तावर विपुल लेखन झाले आहे. संकल्पना कशी उलगडावी या दृष्टीने त्याची पाने क्वचितच वाचली जातात, आणि येथे त्याच बाजूचा विचार अभिप्रेत आहे.

विषयप्रवेशानंतरचे ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण व्याख्येने सुरू होत नाही. टिळक आधी पेच उभा करतात. अर्जुनाचा पेच सांगताना ते शेक्सपिअरच्या नाटकांतील हॅम्लेट व कोरिओलेनस यांनाही बोलावतात. पुढे अहिंसा, सत्य, अस्तेय अशा सर्वमान्य नियमांना प्रत्यक्ष व्यवहारात कसे अपवाद निघतात, हे एकामागून एक प्रसंगांनी दाखवितात. काय करावे हे ठरविण्यासाठी शास्त्राची गरज का पडते, हे वाचकास पटल्यानंतरच ‘कर्मयोगशास्त्र’ हे तिसरे प्रकरण येते, आणि त्यात ‘कर्म’, ‘योग’, ‘धर्म’ या शब्दांचा अर्थ निश्चित केला जातो. हे शब्द मराठी वाचकास अपरिचित नव्हते. उलट फार परिचित होते, आणि खरी अडचण तीच होती. ‘योग’ म्हटल्यावर आसन-प्राणायाम डोळ्यांपुढे येणाऱ्या वाचकास गीतेत हा शब्द कोणत्या अर्थाने येतो हे सांगताना टिळक रूढ अर्थ नाकारून थांबत नाहीत. तो कोठून आला, किती ठिकाणी लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हे ते दाखवितात.

याच प्रकरणात आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक या तीन दृष्टींचे विवेचन आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण सूर्याचे. सूर्य हा तेजाचा जड गोळा आहे असे मानून त्याचे गुणधर्म तपासणे ही एक दृष्टी. त्या गोळ्यात अधिष्ठित असलेली देवता मानणे ही दुसरी. आणि या सर्वांच्या मुळाशी एकच आत्मतत्त्व आहे असे पाहणे ही तिसरी. वस्तू एकच, पाहण्याच्या रीती तीन. त्यानंतर टिळक फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्ट कोंत याने केलेल्या ज्ञानाच्या तीन पायऱ्यांशी या वर्गीकरणाची तुलना करतात आणि आपला क्रम कोंतच्या क्रमाहून कोठे भिन्न आहे, हेही सांगतात. पाश्चात्त्य संकल्पनेसाठी केवळ प्रतिशब्द देण्यापेक्षा ही रीत मूलतः निराळी आहे. वाचकाच्या हाती आधी सूर्य येतो, मग संज्ञा, आणि सर्वांत शेवटी कोंत.

हा ग्रंथ सोपा आहे असा दावा कोणी करणार नाही. संस्कृत अवतरणांची गर्दी, लांब वाक्ये आणि प्रतिपक्षाशी सतत चाललेला वाद यांमुळे तो वाचकाची परीक्षा पाहतो. परंतु टिळकांचा ‘योग’ म्हणजे नेमके काय, याविषयी संदिग्धता राहत नाही. आणि म्हणूनच त्यांच्या अर्थाला विरोध करणाऱ्यांना नेमक्या ठिकाणी बोट ठेवता आले. स्पष्ट व्याख्या करणारा लेखक खंडनासाठी स्वतःला खुला करतो. अनेक शोधनिबंधांतील धूसरतेचे कारण भाषेच्या दौर्बल्यापेक्षा येथे अधिक असावे. न उलगडलेल्या संज्ञेच्या आड लेखक सुरक्षित असतो.

काणे यांचा मार्ग आणखी निराळा. काही काळ रत्नागिरीच्या सरकारी शाळेत शिक्षक असलेल्या या विद्वानाने धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत लिहिला, पण ‘धर्मशास्त्र’ हा शब्द शीर्षकात तसाच ठेवला. १९३० च्या पहिल्या खंडाच्या आरंभी त्यांनी ‘धर्म’ या शब्दाच्या अर्थाचा विचार केला. अनुवाद होऊ न शकणारा शब्द तसाच ठेवून तो समजावून सांगावा, हा धडा उलट दिशेनेही उपयोगी पडतो.

स्थानबद्धतेतील शब्दनिर्मिती

जानेवारी १९२४ मध्ये सावरकरांची सशर्त मुक्तता झाली आणि मे १९३७ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध राहिले. राजकारणात भाग घेण्यास बंदी असलेल्या या काळात त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. मराठीत स्वतःचे शब्द असताना फारसी-अरबी व इंग्रजी शब्दांनी त्यांची जागा घेऊ नये, हा तिचा मुख्य आग्रह. जी वस्तूच आपल्याकडे नव्हती तिचे परके नाव ठेवण्यास त्यांचा सरसकट विरोध नव्हता. दिनांक, क्रमांक, महापौर, दूरध्वनी, चित्रपट अशा अनेक शब्दांच्या प्रसाराचे श्रेय त्यांना दिले जाते. १९३८ मध्ये मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

या चळवळीमागील विचारसरणीविषयी मतभेद आहेत व राहतील. परिभाषेच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र लक्षणीय आहे. वर उल्लेखिलेले जे शब्द रुळले, ते बहुतांशी बोट दाखविता येणाऱ्या गोष्टींचे आहेत. दूरध्वनीचे यंत्र टेबलावर होते, चित्रपट पडद्यावर दिसत होता, दिनांक पत्राच्या कोपऱ्यात लिहिला जात होता. अर्थ आधीच लोकांच्या हाती होता. फक्त नाव बदलायचे होते. दुसरीकडे सरकार, वकील, कागद, जमीन हे शब्द हलले नाहीत, कारण त्यांचा अर्थ आणि नाव लोकांच्या मनात एकजीव झाले होते. मानव्यविद्यांतील संकल्पना या दोहोंपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाहीत. त्यांच्याकडे बोट दाखविता येत नाही आणि त्यांचा अर्थ लोकांत रुळलेलाही नसतो. तेथे नाव दिल्याने काम संपत नाही, सुरू होते.

स्वातंत्र्योत्तर परिभाषानिर्मितीने हा फरक पुरेसा ओळखला नाही. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि विषयवार परिभाषा कोश निघाले. कार्यालयीन व्यवहारासाठी त्यांचे मोल निर्विवाद आहे. पण कोश प्रतिशब्द देतो. संकल्पना विशद करणे हे त्याचे काम नव्हे. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने प्रतिशब्दांचा संग्रह स्वतंत्रपणे १९७३ मध्ये काढला आणि विवेचनाचे खंड १९७६ पासून दिले. ही दोन कामे वेगळी आहेत, हे तेथे ध्यानात घेतले गेले. महाविद्यालयीन लेखनाने उचलला तो मात्र प्रामुख्याने प्रतिशब्दांचा मार्ग.

खोत म्हणजे कोण?

इतिहासाच्या अध्यापनात या त्रुटीचे परिणाम विशेष जाणवतात. युरोपातील मध्ययुगीन समाजरचनेस मराठीत ‘सरंजामशाही’ म्हटले जाते. सरंजाम ही मराठेशाहीतील लष्करी चाकरीसाठी लावून दिलेल्या उत्पन्नाची व्यवस्था. दोहोंत साम्य आहे, परंतु ते कोठपर्यंत, हे न सांगता शब्द वापरला की विद्यार्थी पेशवाईतील सरदारास फ्रान्समधील उमरावाच्या जागी बसवितो. ‘प्रबोधन’ हा शब्द तर इटलीतील पंधराव्या शतकातील कलाविद्यांच्या नवजागरणासाठीही येतो आणि फ्रान्समधील अठराव्या शतकातील बुद्धिवादी चळवळीसाठीही. तीनशे वर्षांचे अंतर एका शब्दात नाहीसे होते.

स्थानिक इतिहासात उलट अडचण येते. रत्नागिरीवर इंग्रजीत लिहिणारे ‘खोत’ या शब्दासाठी जमीनदार या अर्थाचा शब्द योजतात, आणि मराठीत लिहिणारे त्या इंग्रजी ग्रंथांच्या आधारे पुन्हा ‘जमीनदार’ लिहितात. खोत हा गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वंशपरंपरेचा अधिकारी. तो केवळ वसुली करणारा की गावाचा मालक, हाच एकोणिसाव्या शतकातील वादाचा मुद्दा होता. खोतांच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्यांत ‘देशव्यवहारव्यवस्था’चे सहकर्ते मंडलिक अग्रणी होते. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांना कायदेशीर चौकट दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ही पद्धती रद्द झाली. ‘जमीनदार’ हा शब्द लिहिताच मालकीचा प्रश्न खोताच्या बाजूने सुटल्यासारखा होतो. ज्या प्रश्नावर दोन पिढ्या कज्जे चालले, ज्यासाठी कुळांनी संघर्ष केला, तो प्रश्न एका प्रतिशब्दात निकाली निघतो, आणि लेखकास त्याचा पत्ताही नसतो. खोत, धारेकरी आणि कूळ यांच्यापैकी कोण कोणास काय देत होता व कोणत्या हक्काने, हे चार वाक्यांत सांगितले तर दापोली किंवा मंडणगडच्या विद्यार्थ्यास ते तत्काळ उमगते. त्याच्या घरातील सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांवर यांतले काही शब्द अजून असतात.