लव्हलेसला वाचवा!

गेल्या दिवाळीत भाची चार दिवस राहायला आली होती. तिच्या उशाशी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. मुखपृष्ठ काळं कुळकुळीत, त्यावर उघड्या छातीचा, गोंदलेला एक इसम. "गोष्ट काय आहे गं?" मी विचारलं. "माफिया बॉस असतो, तो एका मुलीला पळवून नेतो, कोंडून ठेवतो, आणि मग ते प्रेमात पडतात." याला म्हणे डार्क रोमान्स म्हणतात. मी लगेच मावशीपणा सुरू केला. हे कसलं प्रेम, हा तर गुन्हेगार, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, तो नालायक आहे हे मला कळतं. तो सुधारतो का, तेच तर बघायचंय."

हे वाक्य आपण आधी कुठेतरी ऐकलंय असं सारखं वाटत राहिलं. मग आठवलं. जवळजवळ पावणेतीनशे वर्षांपूर्वी, अगदी याच हट्टापायी इंग्लंडमधल्या एका बाईने एका लेखकाला भंडावून सोडलं होतं!

लेखकाचं नाव सॅम्युअल रिचर्डसन. धंद्याने मुद्रक, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळ त्याचा छापखाना. त्याची 'क्लॅरिसा' ही पत्रांतून सांगितलेली अवाढव्य कादंबरी सात खंडांत आली. पहिले दोन १७४७च्या डिसेंबरात, पुढचे दोन १७४८च्या एप्रिलमध्ये आणि शेवटचे तीन त्या डिसेंबरात. म्हणजे वाचक महिनोन्‌महिने अधांतरी. घरचे लोक क्लॅरिसाला एका श्रीमंत पण किळसवाण्या माणसाच्या गळ्यात बांधायला निघालेले असतात. लव्हलेस नावाचा देखणा, बोलघेवडा, रंगेल उमराव तिला फसवून घराबाहेर काढतो आणि लंडनमध्ये कोंडून ठेवतो. ते घर म्हणजे कुंटणखाना आहे हे तिला ठाऊक नसतं. पिस्तूल आणि गोंदण सोडलं तर सगळा ऐवज भाचीच्या पुस्तकातलाच.

१७४८च्या ऑक्टोबरात रिचर्डसनला 'बेलफोर' अशा टोपणनावाने एक पत्र आलं. शेवट वाईट होणार अशी कुणकुण लिहिणारीला लागली होती. तिने विनवण्या केल्या, आणि ऐकलं नाहीत तर तरुण, सुंदर, सद्गुणी बायका तुमचा कायम द्वेष करोत असा शापही देऊन टाकला. लव्हलेसला सुधारा आणि दोघांचं लग्न लावा, एवढंच मागणं. लाज वाटते, पण काही केल्या मला तो आवडतोच, हेही तिने कबूल केलं. ही होती लँकशायरमधली लेडी ब्रॅडशॉ, चाळिशी ओलांडलेली, चांगली वाचणारी-लिहिणारी बाई. (पुरुष शहाणे होते असं समजू नका. पुस्तक छापून येण्याआधीच क्लॅरिसाचं काय होणार हे कळल्यावर राजकवी कॉली सिबर संतापून शिव्याशाप देत सुटला होता.)

रिचर्डसनने ऐकलं नाही. लव्हलेस क्लॅरिसाला गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. त्यानंतर तो लग्नाला तयार असतो, आजूबाजूचेही म्हणतात कर बाई आता, पण ती नाही म्हणते. आणि मरते. लेखकाच्या मते कादंबरीचा मुद्दाच तो होता. रंगेल पुरुष सुधारला की उत्तम नवरा होतो, ही तेव्हाची लाडकी समजूत त्याला मोडायची होती. (आपल्याकडे अजून म्हणतातच की, "लग्न झालं की सुधारेल!")

पण वाचकांना लव्हलेस आवडला तो आवडलाच. मग रिचर्डसनने काय करावं? १७४९च्या आवृत्तीत त्याने तळटीपा घातल्या. अहो, इथे हा खोटं बोलतोय, मागचं पत्र विसरलात का, अशा थाटाच्या. १७५१च्या आवृत्तीत लव्हलेसला आणखी काळं फासलं. लेखकाने स्वतःच्याच पात्राविरुद्ध अशी मोहीम काढलेली क्वचितच दिसते! लेडी ब्रॅडशॉच्या बहिणीने, लेडी एक्लिनने, तर पुढे स्वतःच वेगळा शेवट लिहून काढला. त्यात बलात्कार होत नाही. मात्र मरतात दोघंही, पश्चात्ताप वगैरे सगळं रीतसर करून.

पुढे ई. एम. हल या बाईंच्या 'द शेख'मध्ये (१९१९) वाळवंटातला शेख नायिकेला पळवून नेतो, जबरदस्ती करतो, आणि ती त्याच्या प्रेमात पडते. पुस्तक तुफान खपलं. १९२१च्या सिनेमात ती जबरदस्ती गाळली आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनोसाठी बायका वेड्या झाल्या. म्हणजे रिचर्डसनने नाकारलेला शेवट अखेर मिळालाच.

पण अशा वाचकांना बसून विचारलं कुणी? जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने विचारलं. तिचं पुस्तक १९८४चं. एका गावातल्या, प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांकडून तिने ४२ प्रश्नावल्या भरून घेतल्या. प्रेमकथेत काय मुळीच नको, यावर उत्तरं स्पष्ट होती: बलात्कार नको, शारीरिक छळ नको, दुःखी शेवट नको. काहीजणी तर विकत घेण्याआधी शेवटची पानं वाचून घ्यायच्या. नायकाचा राग, तुसडेपणा चालायचा, पण त्याचं कारण पुढे कळलं पाहिजे. भाचीपेक्षा या बायका कडकच म्हणायच्या.

इतकं वाचून मी भाचीची माफी मागायच्या बेतात होते. पण २०२० आठवलं. ब्लांका लिपिन्स्का या पोलिश लेखिकेच्या २०१८च्या कादंबरीवरचा '३६५ डेज' तेव्हा नेटफ्लिक्सवर आला होता. सिसिलीचा माफिया, गुंगीचं औषध, अपहरण, आणि प्रेमात पडायला वर्षभराची मुदत. वेल्सची गायिका डफी हिने नेटफ्लिक्सच्या प्रमुखांना जाहीर पत्र लिहिलं. तिला स्वतःला औषध देऊन पळवून नेलं होतं, कोंडून बलात्कार झाला होता. हे तिने त्याच वर्षी जगाला सांगितलं होतं. तिच्या दृष्टीने तो सिनेमा अपहरण आणि बलात्काराला शृंगाराचा मुलामा देत होता. या पत्रासमोर माझी ४२ बायकांची साक्ष फिकी पडते. भाचीला खरं-खोटं कळतं, मान्य. पण डफी तिच्या समजुतीबद्दल बोलतच नव्हती. २०२२ मध्ये त्या सिनेमाचे आणखी दोन भाग आले.

माफी मागायची राहूनच गेली. भाचीला लेडी ब्रॅडशॉची गोष्ट मात्र सांगितली. त्या बाईची 'क्लॅरिसा'ची प्रत अजून आहे. समासभर तिने लेखकाशी भांडण मांडलंय, आणि पुढे ती प्रत हातात आल्यावर रिचर्डसनने तिच्याच शेऱ्यांशेजारी आपली उत्तरं लिहिलीत.

"आणि मग ती म्हणाली का, बरोबर आहे तुमचं?" भाचीने विचारलं.

दोघांचा पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षं चालला होता, एवढं सांगून मी चहा टाकायला उठले.