कार्बन-१३ एनएमआर वर्णपटविज्ञान

सेंद्रिय रेणूतील कार्बन अणूंची मांडणी ओळखण्याची पद्धत. कार्बन-१२ च्या अणुकेंद्राला परिवलन नसल्याने ते चुंबकीय क्षेत्रात मुकेच राहते. संकेत मिळतो तो निसर्गात जेमतेम १.१ टक्के असलेल्या कार्बन-१३ कडून. पॉल लाउटरबर यांनी १९५७ मध्ये असे वर्णपट प्रसिद्ध केले. फूर्ये रूपांतर तंत्रामुळे पद्धत प्रयोगशाळांत रुळली.

वर्णपटात संकेतांची स्थाने मोजताना टेट्रामिथिलसिलेनचे स्थान शून्य धरतात. कार्बोनिल कार्बन साधारण १६० ते २२० पीपीएमला, तर बेंझीन वलयातील बहुधा ११० ते १५० ला आढळतो. पण स्थाने पाहण्याआधी संकेत मोजावेत, निम्मे काम तिथेच होते. झायलिनच्या तिन्ही समघटकांत कार्बन आठच. तरी सममितीमुळे ऑर्थोचे ४, मेटाचे ५ आणि पॅराचे ३ संकेत मिळतात. डेप्ट-१३५ प्रयोगात मिथिलीन गटांची शिखरे उलटी येतात, हायड्रोजन नसलेले कार्बन दिसतच नाहीत.

शिखराच्या उंचीवरून अणुसंख्या काढू नये. हायड्रोजनविरहित कार्बनचे शिखर बहुधा ठेंगणे असते. ७७ पीपीएमजवळची तीन शिखरे नवशिक्यांना हमखास चकवतात. ती ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म या विद्रावकाची असतात.