एनडीएम-१ (माथेरान रेल्वेचे डिझेल इंजिन)
नेरळ–माथेरान रेल्वेवरील अरुंदमापी डिझेल इंजिनांचा वर्ग. आदमजी पीरभॉय यांच्या आर्थिक पाठबळाने उभारलेला हा सु. २१ किमी.चा, ६१० मिमी. रुळमापाचा मार्ग १९०७ मध्ये खुला झाला. आरंभी ओरेनस्टाइन अँड कोपेल बनावटीची वाफेची इंजिने तेथे धावत. १९५० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीच्या युंग कंपनीने बांधलेली एनडीएम-१ इंजिने आली. ‘एन’ हे अक्षर अरुंद रुळमाप, ‘डी’ डिझेल व ‘एम’ मिश्र वाहतूक दर्शविते.

घाटात चढ १:२० इतका तीव्र आणि वळणे अतिशय आवळ असल्याने सांध्यांनी जोडलेली रचना निवडण्यात आली. दोन इंजिनसंच असल्याने पुरेसे बळ मिळे, तर सांध्यांमुळे इंजिन वळणावर रुळांना धरून राही. १९८० च्या दशकाच्या आरंभी वाफेची नियमित सेवा संपली व सर्व भार डिझेलवर आला. पुढे एनडीएम-६ हा नवा वर्ग दाखल झाला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला. २००७ मध्ये तो पूर्ववत झाला. भारतीय घाटरेल्वेच्या स्थित्यंतरात या छोट्या इंजिनाचे स्थान मोलाचे आहे.